एक नंबरचा रिमोट

माझा व्यवसाय सांगितला की लोक विषय बदलतात. मी यंत्रांच्या वापर-पुस्तिका लिहितो. मिक्सर, गिझर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र. गेल्या चोवीस वर्षांत माझ्याइतका छापला गेलेला आणि माझ्याइतका न वाचला गेलेला लेखक शोधून सापडायचा नाही. ‘बिघाड झाल्यास यंत्र स्वतः उघडू नये’ हे माझं सर्वात गाजलेलं वाक्य. ते प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर असतं. मी स्वतःही ते इतकं मनापासून पाळत आलोय, की घरातला दिवा बदलायला बायको स्टुलावर चढते आणि मी खाली उभा राहून स्टूल धरतो. धरतो मात्र घट्ट.

अशा माणसानं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एक यंत्र उघडलं, ते ताईमुळे.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे: मधोमध दार आडवं टाकल्यासारखं लांबलचक टेबल, एका बाजूला मशीन, भिंतीला अर्धवट शिवलेले कोट लटकलेले. शिवतात पुष्कळजण, ताईचं नाव आहे ते कापण्यात. खडूची रेघ न मारता ती बाही कापते आणि दोन्ही बाह्या सारख्या येतात. एका सकाळी कापताना तिच्या हातातून कात्री पडली. उचलली, परत पडली. तिसऱ्यांदा उचलता येईना, तेव्हा तिनं डाव्या हातानं मला फोन लावला.

“छोट्या, माझी कात्री पडतेय.”

“मग नवी घे की,” मी म्हणालो. बिघाड झाल्यास काय करावं हे सांगण्यात माझी हयात गेलेली आहे.

“कात्री चांगली आहे रे,” ती म्हणाली, आणि पुढचे शब्द एकमेकांत मिसळले.

पक्षाघाताचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता, म्हणून उजवं अंग गेलं. पुनर्वसन केंद्रात तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाय परत आला. बोलणं तर व्याजासकट परत आलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवलेल्या जागीच राहायचा, पाहुण्याची विसरलेली छत्री राहावी तसा.

केंद्रातल्या फिजिओबाई बारीक अंगाच्या आणि घाईच्या. त्यांनी ताईला दाबायला मऊ गोळा दिला, भोकांत घालायला लाकडी खुंट्या दिल्या.

“मला काय बालवाडीत घातलंय?” ताईनं विचारलं. “आणि खुंट्या भोकात घालून आजवर कुणाचं भलं झालंय?”

“तुमचं होईल,” फिजिओबाई म्हणाल्या.

“झालं की कळवा.”

बाहेर बोळात त्यांनी मला गाठलं. “हे बघा, हात मेलेला नाही. अंगठा विसरलाय. त्याला आठवण करून द्यायची तर एकच गोष्ट हजार वेळा करावी लागते. या दहा वेळा करतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. महिनाअखेर आमची बैठक आहे. तोवर अंगठ्यात जोर दिसला नाही, तर आम्ही उजव्याचा वेळ कमी करू आणि डाव्या हाताला सवय लावायला घेऊ.”

दार उघडं होतं. आतून आवाज आला, “डाव्या हातानं कात्री धरली तर कापड हसेल मला!”

हा विनोद होता, पण त्यानंतर ती खरोखरच भिंतीकडे वळली. ताईला पाठमोरी झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. लहानपणी आजारी असली तरी ती दाराकडे तोंड करून झोपायची, कोण काय करतंय त्यावर नजर ठेवायला.

“असं काही आहे का,” फिजिओबाईंनी हळू आवाजात विचारलं, “जे त्या अंगठ्यानं हजार वेळा करतील? कुणी न सांगता?”

मी नाही म्हणालो. मग जिना उतरताना सतराव्या पायरीवर थांबलो आणि परत वर गेलो. वर जाऊन काय सांगायचं ते न सुचल्यामुळे पुन्हा खाली आलो.

मी दहा वर्षांचा असताना आमच्या घरी व्हिडिओ गेम आला. ताईनं एका दुकानदाराचे पडदे शिवून दिले होते, आणि त्यानं मोबदल्यात आपल्या मुलाचा जुना गेम दिला. एक खोका, एक कॅसेट, दोन रिमोट. त्यांना कंट्रोलर म्हणतात हे मला पुढे कॉलेजात कळलं. कॅसेटवरचा कागद निघालेला होता, त्यामुळे खेळाचं खरं नाव आम्हाला कधीच समजलं नाही. त्यात हातात बॅग घेतलेला एक ठेंगणा गृहस्थ धावतो, मागे कुत्रा लागतो, वाटेत पाण्याचे खड्डे येतात. प्रत्येक घराचं दार बंद असतं. आम्ही त्याला पाहुणा म्हणायचो.

आईची कारखान्यात दुपारची पाळी असायची. जाताना ती रोज तेच सांगून जायची, “त्या खोक्याजवळ खाणंपिणं न्यायचं नाही. काही सांडलेलं दिसलं, की खेळ ज्याचा त्याला परत.” मग दुपारभर मी आणि ताई. एकदा ती, एकदा मी, ज्याचा पाहुणा पडेल त्यानं थांबायचं. एक नंबरचा रिमोट कायम ताईचा, दोन नंबरचा माझा. एक नंबरला हात लावला तरी फटका बसायचा. “एक नंबर मोठ्यांचा असतो,” हे तिचं त्यावरचं एकमेव स्पष्टीकरण.

हा अन्याय मी विसरलो नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोला सांगितला. कॉलेजात हुकूमशाहीवर निबंध होता, त्यात नाव न घेता उदाहरण दिलं. प्राध्यापकांनी समासात ‘उत्तम निरीक्षण’ असं लिहिलं होतं.

माळ्यावरून खोका काढला. लावला तर दिवासुद्धा लागला नाही, फक्त जळक्या वायरीचा वास आला. शिवाय आताच्या टीव्हींना ती जुनी पिन बसतच नाही. बायको म्हणाली, “नवीन आणा ना एखादा. दुकानात ढीग पडलेत.” मी आणला. त्याला दोन दांड्या, चौदा बटणं, खाली दोन चाप. ताईनं तो एका डोळ्यानं पाहिला.

“हे काय, खेकडा?”

“यानं खेळायचं.”

“तू खेळ. मी बघते तुला चावतो का.” आणि परत भिंत.

मग मी मावशींकडे गेलो.

या मावशी माझ्या कुणी लागत नाहीत. सगळेच त्यांना मावशी म्हणतात. जिन्याखालच्या जागेत त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं उभंच राहावं लागतं. त्यांनी आयुष्यभर श्रवणयंत्रं दुरुस्त केली, आता जे येईल ते करतात. नाकावर एकावर एक दोन चष्मे असतात.

“या लेखक,” त्या म्हणाल्या. “तुमचं ते मिक्सरचं पुस्तक वाचलं.”

“कसं वाटलं?”

“शेवट पटला नाही.”

मी खोका, कॅसेट आणि एक नंबरचा रिमोट त्यांच्यासमोर ठेवला आणि ताईचं सगळं सांगितलं. त्यांनी खोक्याचा वास घेतला आणि तो बाजूला सारला.

“हा गेला. पण खेळ आहे कॅसेटीत, आणि ताईंचा हात आहे रिमोटवर. मधे खोका हवाच कशाला? आता बोटाएवढा कॉम्प्युटर मिळतो. कॅसेटीतला खेळ त्यात उतरवायचा. तो जुन्या खोक्याची हुबेहूब नक्कल करतो, खेळाला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. तो घालू रिमोटच्या पोटात. सोबत मोबाइलची पातळ बॅटरी. एक वायर बाहेर काढू, ती कुठल्याही टीव्हीला लावायची. ताईंना दिसणार त्यांचा रिमोटच.”

“मावेल का एवढं?”

“आपण मावतोय ना इथे? मावेल.” त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. “उघडा.”

“मी?”

“मी सोल्डरिंग करेन. स्क्रू तुम्ही काढायचे. चोवीस वर्षं लोकांना उघडू नका म्हणताय, आत काय असतं ते बघा तरी एकदा.”

पाच स्क्रू होते. पाचवा काढताना माझ्या कपाळावर घाम आला होता. झाकण निघालं. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर रबराची चादर, चादरीला प्रत्येक बटणाखाली काळा ठिपका. बटण दाबलं की ठिपका पट्टीला टेकतो आणि खेळाला समजतं. यात उघडू नये असं काहीही नव्हतं.

उजव्या बाजूला, उडीच्या बटणाभोवती, पिवळट तपकिरी डाग होता. वाळून काच झालेला.

तो डाग मी लगेच ओळखला. दहाव्या वर्षी, ताई अंघोळीला गेलेली असताना, मी एक नंबर चोरून खेळत होतो आणि मांडीवरचा लिंबू सरबताचा पेला त्यावर उलटला होता. मी बनियननं पुसला, जागेवर ठेवला आणि गप्प बसलो. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण कुणी काही बोललं नाही, खेळ चालूच राहिला, आणि तो माझ्या आयुष्यातला पहिला यशस्वी गुन्हा ठरला. अडतीस वर्षांनी पुरावा समोर होता.

“आणि हे काय?” मावशींनी चिमट्यानं बटणाखालून काहीतरी उचललं. शर्टाच्या गुंडीएवढी एक चकती. राखाडी, जाड कापडाची. “हे कारखान्यातलं नव्हे.”

“कचरा असेल.”

“कचऱ्याला कुणी काजाचा टाका घालत नाही.” त्यांनी ती चष्म्यांजवळ नेली. “कड शिवलीय बघा. किती बारीक.”

“टाकून द्या,” मी म्हणालो. मला आता सफाईचा झपाटा चढला होता. मी सगळे भाग साबणाच्या पाण्यात घातले, जुन्या टूथब्रशनं घासले, काळ्या ठिपक्यांवरून स्पिरिटचा बोळा फिरवला. डाग गेला. बटण नव्यासारखं टकटक वाजू लागलं. पुरावाही नष्ट झाला आणि दुरुस्तीही झाली. एका दगडात दोन पक्षी मारायची संधी माझ्या धंद्यात सहसा येत नाही.

काम तीन दुपारी चाललं. आतले प्लॅस्टिकचे खांब कापून जागा केली. केसासारख्या आठ वायरी, प्रत्येक बटणाला एक आणि सगळ्यांना मिळून नववी. मावशींनी सात जोडल्या, दोन मला जोडू दिल्या. त्यांचे सांधे पाण्याच्या थेंबासारखे आले, माझे चिमणी येऊन गेल्यासारखे. झाकण बसेना, तेव्हा बॅटरी काढून आडवी लावली. तरीही बसेना, तेव्हा एक वायर खालून घेतली. तिसऱ्या दुपारी वायरीच्या भोकातून बारीक तांबडा उजेड दिसला, आणि दुकानातल्या टीव्हीवर आमचा पाहुणा बॅग घेऊन हजर झाला. त्याचं वय जराही वाढलेलं नव्हतं.

 मावशींनी दोन्ही चष्मे काढून पदरानं पुसले.

बैठकीला बारा दिवस उरले होते. केंद्रात रुग्णांच्या बसायच्या खोलीत भिंतीला टीव्ही होता. मी वायर लावली आणि रिमोट ताईच्या मांडीवर ठेवला. तिनं आधी टीव्हीकडे पाहिलं, मग मांडीकडे. डाव्या हातानं उजवा हात उचलून रिमोटवर आणला. अंगठा आपणहून उडीच्या बटणावर जाऊन बसला. कुणी काही सांगितलं नव्हतं.

फिजिओबाईंनी माझं कोपर दाबलं. त्यांच्या अंगठ्यात भरपूर जोर होता.

ताईनं खेळायला घेतलं. डावा अंगठा चपळ होता. उजवा नुसता थरथरायचा. मग ती मनगटाचा भार टाकायची आणि बटण कसंबसं दबायचं. पाहुणा पळाला, पहिला खड्डा आला, पाहुण्यानं उडी मारली आणि बरोबर मधोमध पाण्यात पडला. पुन्हा. पुन्हा. समोर बसलेले एक निवृत्त बसचालक म्हणाले, “बाई, ब्रेक उशिरा लावताय.” मी मोजत होतो. एकोणीस वेळा पडला, एकोणीसही वेळा खड्ड्याच्या पार अलीकडून उडून. ताईनं रिमोट खाली ठेवला.

“हे माझं नाही.”

“तुझंच आहे ताई. एक नंबर. बघ, मागे तू खिळ्यानं कोरलेला एक आहे.”

“घर माझंच आहे. आत दुसरंच कुणीतरी राहायला आलंय.” तिनं बटणाकडे बोट दाखवलं. “हे लगेच उडतंय. माझी चकती कुठाय?”

“कसली चकती?”

“बटणाखालची. फेल्टची. तू सरबत सांडलंस, त्यानंतर घातलेली.”

खोलीत एकदम फारच स्वच्छ ऐकू यायला लागलं.

“तुला माहीत होतं?”

“छोट्या, रिमोटला मुंग्यांची रांग लागली होती. आईला सोडून सगळ्या जगाला माहीत होतं.”

मग तिनं सांगितलं. सांगताना ती आवाज चढवत नव्हती, फक्त मधून मधून मी किती मठ्ठ होतो याची आठवण करून देत होती. सरबतानं बटण खालीच चिकटून बसायचं, वर यायचं नाही. आईच्या नजरेला पडलं असतं तर खेळ परत गेला असता. ताईनं पेचकस मिळवला, रिमोट उघडला, जमेल तेवढं पुसलं आणि कोटाच्या कॉलरमधल्या फेल्टची चकती कापून बटणाखाली सरकवली. बटण वर राहू लागलं. मात्र ते जड झालं आणि उशिरा लागू लागलं. तेव्हा ताईनं आपल्या अंगठ्यालाच शिकवलं: खड्डा यायच्या जरा आधी दाबायचं, आणि दाबायचं ते खोलवर.

“आणि म्हणून तू मला एक नंबरला हात लावू देत नव्हतीस?”

“तुला काय जमणार होतं त्यावर? चांगल्या बटणानं तरी कुठे जमत होतं?”

“मग सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर तू रडत आईकडे गेला असतास आणि सगळं ओकला असतास. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.” तिनं मान वळवली. “चकती आण. नाहीतर ने हे परत.”

मी बोळात जाऊन पाणी प्यायलो. ज्या निबंधाला ‘उत्तम निरीक्षण’ असा शेरा मिळाला होता, त्याच्या लेखकाला एक चकती दिसली नव्हती. आणि आता दिसली, तर त्यानं ती टाकून द्यायला सांगितली होती.

मावशींच्या दुकानापर्यंत मी धावत गेलो असं म्हणायला हरकत नाही. माझ्या धावण्याला बाकीचे लोक चालणं म्हणतात. “मावशी, त्या दिवशीचा कचरा—”

“कुठला? इथे कचरा नसतो.” त्यांनी मागच्या फळीवरून बरणी काढली. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर तारीख आणि यंत्राचं नाव. “यंत्रातून जे निघेल ते ज्याचं त्याला परत. मुंगी निघाली तरी. लोक टाकून द्या म्हणतात आणि दोन महिन्यांनी येतात. तुम्ही तर चारच दिवसांत आलात.” त्यांनी पुडी माझ्या हातावर ठेवली. “शिवलेली वस्तू कुणी उगाच आत ठेवत नाही, लेखक.”

मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकली आणि स्क्रूड्रायव्हर पुढे केला. या वेळी पाचही स्क्रू मी न थांबता काढले. चकती बटणाखाली ठेवली. टकटक थांबली. बटण आता पायाखाली ओलं गवत दबावं तसं दबत होतं.

“किती झाले?” मी विचारलं.

“स्क्रू तुम्ही काढलेत, मी काय करणार? पुढच्या पुस्तकाचा शेवट बदला, पुष्कळ झालं.”

दुसऱ्या दिवशी फिजिओबाईंनी बटण दाबून पाहिलं. “हे तर आधीपेक्षा जड लागतंय!”

“हो. चूक झाली—”

“चूक कसली? असंच हवं होतं. हात लावू नका आता.”

पहिले दोन दिवस ताईच्या अंगठ्याला तळ गाठताच येईना. पाहुणा उडी न मारता सरळ पाण्यात चालत जायचा, कंटाळल्यासारखा. पण ती थांबली नाही. सकाळी मी पोहोचायच्या आत ती खोलीत असायची. बसचालक शेजारी बसून हॉर्न वाजवायचे, तोंडानं. केंद्रातल्या सगळ्यांनी तिच्या तोंडचं ऐकून मलाही छोट्या म्हणायला सुरुवात केली होती. दारावरचा रखवालदार अदबीनं ‘छोट्यासाहेब’ म्हणायचा. खुंट्या आणि मऊ गोळा कपाटात गेले.

पाचव्या दिवशी तिनं खड्डा यायच्या जरा आधी अंगठा दाबला. मनगट हललं नाही. पाहुणा उडाला, पलीकडच्या काठावर उतरला आणि पळत सुटला. मी ओरडलो. ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“ओरडू नकोस, कुत्रा येतोय.”

महिनाअखेरच्या बैठकीत त्यांनी तिला चिमटीत धरायचं मापयंत्र दिलं. काटा आधी शून्यावर चिकटलेला असायचा. आता तो उठला, थरथरला आणि बऱ्यापैकी वर जाऊन थांबला. उजव्या हाताचा वेळ कायम राहिला, उलट वाढवला गेला. अहवालात ‘वापरलेलं साधन’ असा रकाना होता. फिजिओबाईंनी थोडा विचार करून लिहिलं: घरगुती.

दोन महिन्यांनी ताई घरी आली. रिमोट तिच्या पिशवीत. कुणाकडेही गेली की टीव्हीची पिन शोधायची, भेट नंतर. आणि मग एका दुपारी तिचा फोन आला. “छोट्या, परत लगेच उडायला लागलंय.”

उघडलं. आता मीच उघडतो. अडतीस वर्षं पडून राहिलेली चकती एवढ्या खेळात मधोमध विरली होती, कडेचे टाके तेवढे शाबूत होते. “मावशींकडून रबर लावून घेतो,” मी म्हणालो.

“काही नको. माझी पेटी आण इकडे.”

तिनं कॉलरच्या फेल्टचा तुकडा काढला. कात्री उजव्या हातात धरली. मी श्वास रोखून धरला. पूर्वी स्टूल धरायचो तसाच. कात्री पडली. तिनं उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा उचलली आणि कापलं. वर्तुळ बटाट्यासारखं आलं. मग सुई. टाक्याटाक्याला अंगठा घसरायचा. पूर्वी पाच मिनिटांचं काम, त्याला तीन दुपारी लागल्या. रोज मी जाऊन बसायचो आणि ती रोज आदल्या दिवशीचे निम्मे टाके उसवत असायची.

“चांगलं आलंय की. कशाला उसवतेस?”

“वाकडं आहे.”

“बटणाखाली कोण बघायला जातंय?”

“मी बघितलंय ना,” ती म्हणाली.

तिसऱ्या दुपारी तिनं दातानं दोरा तोडला. अकरा टाके. सात सरळ, चार आपापल्या मतानं गेलेले. तिनं चकती माझ्या तळहातावर ठेवली. तिला वजन नव्हतंच, तरी माझा हात जरा खाली गेला.

“बसव. आणि आधी तू खेळून बघ, नीट बसलीय का.”

“मी? एक नंबरवर?”

“आता काय माझी परवानगी लेखी पाहिजे?”

मी पाच स्क्रू लावले, वायर जोडली, तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. पाहुणा पळायला लागला. खड्डा आला. मी बटण दाबलं. ते जाईचना. जाड, जड, हट्टी. गेलं तेव्हा पाहुणा पाण्यात होता. दुसऱ्यांदा आधी दाबलं, तरी पाण्यात. सहाव्या वेळेपर्यंत माझा अंगठा दुखायला लागला. दहा वर्षांचा असताना हा रिमोट माझ्या हातात असता, तर मी पहिल्याच दुपारी रडून खेळ सोडून दिला असता. माझ्या हातात तेव्हा दोन नंबर होता. तो कधी अडकला नाही, कधी जड लागला नाही. मला वाटायचं, रिमोट असतातच असे.

“आधी दाब रे,” ताई म्हणाली. “आणि खोल.”

आभार मानायची आमच्या घरात सवय नाही. त्याची पुस्तिका कुणी लिहिलेली नाही आणि मी लिहायला बसलो तर शेवटच्या पानावर काय घालावं ते मला ठाऊक नाही. तरी मी घसा साफ केला.

“ताई—”

“बोलू नकोस,” ती म्हणाली. “खड्डा आला.”